एक डोंगर, दोन नद्या

थेल्मा टकवेलला बागा बघत हिंडायचा मनापासून कंटाळा होता. फुलांशी तिचं काही वाकडं नव्हतं. पण चाळीस माणसं एका बसमध्ये कोंबायची, दिवसाला तीन बागा उरकायच्या, ओल्या गवतातून पाय ओढत प्रत्येक झुडपापाशी थांबून "किती गोड!" म्हणायचं, आणि निघताना बागेच्या दुकानातून एक रोप घ्यायचं ते घरी नेऊन आठ दिवसांत मारायला, याला लोक सहल का म्हणतात हे तिला आजवर कळलं नव्हतं. तरी दर एप्रिलमध्ये ती बसमध्ये असायचीच. कारण बेरिल.

बेरिल तिची नणंद. थेल्माचा नवरा लेन जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्याच्या बहिणीने काही थेल्माचा पिच्छा सोडला नव्हता. गावच्या बागप्रेमी मंडळाची ती चिटणीस. गळ्यात शिटी, हातात यादी, आणि पाऊस असो नसो, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. थेल्मा आली नाही तर बसमध्ये बेरिलशेजारी बसायला कुणी धजत नसे, आणि ही गोष्ट बेरिल सोडून सगळ्या गावाला ठाऊक होती.

त्या दिवशी पहिली बाग तशी बरी पार पडली. मॅग्नोलिया बघून झाले. गवतावर पाय दिला म्हणून बेरिलने एका म्हाताऱ्याला शिटी मारली, तो बागेचा मालक निघाला. त्याने बिचाऱ्याने माफी मागितली. मग सगळे पुन्हा बसमध्ये बसले आणि बेरिल ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली.

"ऐका! मागचे, तुम्हीसुद्धा! दुसऱ्या बागेच्या रस्त्यावर काल वाऱ्याने ओक आडवा झालाय. जाता येत नाही. पण मी काही हात बांधून बसणारी नाही. सकाळपासून चार फोन केलेत. त्याच्याऐवजी आपण मॅलोफील्डला जातोय. तिथले डॅफोडिल नावाजलेले आहेत आणि चहाबरोबर स्कोन मिळतात."

थेल्मा थर्मासच्या झाकणातून चहा पीत होती. त्यातला निम्मा नाकातून बाहेर आला.

"काय गं, काय झालं?" बेरिल शेजारी येऊन बसली.

"चटका बसला. गरम होता."

"आत्ता तर म्हणत होतीस पाणी झालंय म्हणून."

"बेरिल, मॅलोफील्डला काय ठेवलंय? माझे पाय भरून आलेत. मी आपली बसमध्येच बसते."

"बसते म्हणे! मी तिथल्या माणसाला एकोणचाळीस सांगितलेत. अडतीस निघाले तर माझं तोंड काय राहील?"

थेल्माने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर ग्लॉस्टरशरच्या टेकड्या, कोकरं, काटेरी झुडपांवर पांढरा फुलोरा, सगळं जसंच्या तसं होतं. या रस्त्याने ती शेवटची गेली होती ती उलट्या दिशेने, मांडीवर पुठ्ठ्याची बॅग घेऊन, अठराव्या वर्षी.

तेव्हा ती थेल्मा पार्फिट होती आणि मॅलोफील्डच्या बागेत कामाला होती. सात माळी, सगळे पुरुष, आणि ही एक पोरगी. त्यांच्यावर मुख्य माळी मिस्टर स्नेलग्रोव्ह. झुपकेदार मिशा, कोटाला साखळीचं घड्याळ, आणि तोंडात कौतुकाचा एकच शब्द: "हं." तो शब्दही वर्षातून दोनदा. थेल्माला त्या कामाचं वेड होतं. कुदळ मारून हाताला फोड यायचे ते ती घरी आईला मिरवून दाखवायची.

मग त्या ऑक्टोबरात पहिलं कडक हिव पडलं, आणि सकाळी काचघर उघडलं तर प्रदर्शनासाठी जिवापाड वाढवलेल्या स्नेलग्रोव्हच्या शेवंत्या काळ्या पडलेल्या. वरची झडप सताड उघडी. झडपा लावायची पाळी थेल्माची होती. तिने लावल्या होत्या. शिवाय काचघरात तंबाखूचा वास कोंडलेला होता, आणि बायकोच्या धाकाने पाइप लपूनछपून ओढणारा तिथे एकच माणूस होता. थेल्मा हे मनात ठेवती तर कदाचित निभावून गेलं असतं. पण ती सगळ्या माळ्यांदेखत म्हणाली, "मिस्टर स्नेलग्रोव्ह, धूर जावा म्हणून झडप तुम्ही तर नाही उघडलीत?"

तिला नोकरी सोडायला आठवड्याची मुदत मिळाली. त्या आठवड्याचं काम म्हणून स्नेलग्रोव्हने तिला दोन हजार डॅफोडिलचे कंद दिले. त्याच्या राहत्या घरामागे गवताचा उतार होता, तिथे लावायचे. पद्धत ठरलेली: मुठीमुठीने कंद फेकायचे आणि जिथे पडतील तिथेच पुरायचे, म्हणजे आपसूक उगवल्यासारखे दिसतात.

थेल्माने एकही कंद फेकला नाही. तिने खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, आणि सहा दिवस, त्यातले दोन भर पावसात, त्या उतारावर एक शब्द लिहिला. एकेक अक्षर बसएवढं. स्नेलग्रोव्ह एकदा येऊन बघून गेला. त्याला माती दिसली.

"खोल लावलेस ना?"

"हो, मिस्टर स्नेलग्रोव्ह."

"हं."

शब्द होता 'गाढव'. इंग्रजीतही त्याला तीनच अक्षरं लागतात. पहिलं तंबूसारखं, नि पुढची दोन अगदी एकसारखी, नागमोडी. स्नेलग्रोव्हच्या घराच्या बरोबर वर, दुकानावर पाटी लावावी तसा.

डॅफोडिल उगवले तेव्हा थेल्मा बर्मिंगहॅमला बिस्किटांच्या कारखान्यात होती. नंतर लेन भेटला, लग्न झालं, मग तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलण्यात गेली. बागकामाला तिने पुन्हा हात लावला नाही. दाराशी एका कुंडीत पुदिना होता, तोही स्वतःच्या हिमतीवर जगलेला. आपण काय केलं हे तिने कुणालाच सांगितलं नाही, लेनलासुद्धा नाही. पण दर एप्रिलमध्ये भांडी घासताना तिला तो उतार आठवायचा. कधी हसू फुटायचं, कधी भांडं हातातून निसटायचं.

बस मॅलोफील्डच्या फाटकातून आत शिरली तशी ती बेरिलला म्हणाली, "तुझी ती टोपी दे गं जरा."

"ही? तू तर म्हणतेस मी यात गुंडाळलेल्या सँडविचसारखी दिसते."

"दे ना. सर्दी होईलसं वाटतंय."

टोपी भुवयांपर्यंत ओढून थेल्मा घोळक्याच्या मधोमध चालू लागली. पन्नास वर्षांनी तिला कोण ओळखणार होतं? पण मन खात असलं की माणसाला झुडपंही चौकशी करताहेत असं वाटतं.

फाटकापाशी मिस्टर ऑब्रे फेन्विक उभे होते. बो टाय, चांदीच्या मुठीची काठी, बगलेत पुस्तिकांचा गठ्ठा. निवृत्तीनंतर त्यांनी मॅलोफील्डच्या बागेचा ध्यास घेतला होता. आल्यागेल्याला फुकट बाग दाखवायचे. शिवाय बागेच्या इतिहासावर त्यांनी चोपन्न पानांची पुस्तिका लिहिली होती, आणि ती विकायला आणि राहायला त्यांना एक जागा दिली होती. ती जागा म्हणजे स्नेलग्रोव्हचं जुनं घर.

"या, या! आधी माझ्या झोपडीवरून जाऊ," फेन्विक म्हणाले. "कारण मॅलोफील्डचा आत्मा तिथेच आहे."

थेल्माने मनातल्या मनात डोळे मिटले.

घराला वळसा घालून सगळे उताराच्या पायथ्याशी आले, आणि अडतीस तोंडांतून एकदम "आहा!" निघालं. उतार पिवळाधमक झाला होता. वाऱ्याबरोबर डॅफोडिल माना हलवत होते, अख्ख्या उताराला कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि तो नाही नाही म्हणतोय असं वाटत होतं. थेल्माने टोपी वर सरकवली. खालून बघताना शब्दबिब्द काही नव्हता. नुसते पिवळे पट्टे, मध्ये हिरवं गवत. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि मग तिच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय.

पन्नास वर्षं! डॅफोडिलचा कंद काय एक राहतो? एकाचे पाच होतात, पाचाचे पंचवीस, गर्दी होते, पसरतात, पार खिचडी होऊन जाते. पण या पट्ट्यांच्या कडा स्वच्छ होत्या. जणू कालच दोरी धरून लावलेत. मधल्या गवतात चुकार फूल म्हणून नव्हतं.

"आता नीट बघा," फेन्विकनी काठी उचलली. "सामान्य डोळ्याला हे फुलांचे ताटवे वाटतील. पण मी अकरा वर्षं यावर अभ्यास केलाय. हे या घराण्याच्या पणजोबांनी इटलीहून परतल्यावर आखलंय. पहिला आकार बघा, खाली रुंद, वर निमुळता. तो आहे डोंगर. आणि त्यापुढे या दोन नागमोडी रेषा? दोन नद्या! एक जन्माची, एक मृत्यूची. पुस्तिकेत पान सतरा ते एकोणतीस."

"बाई गं, किती खोल!" बेरिल म्हणाली आणि तिने यादीवर लिहून घेतलं.

थेल्माने ओठ चावला. गालाचं आतलं मांस चावलं. लेनचं दफन आठवून बघितलं. काही उपयोग झाला नाही. आधी नाकातून एक फुरकारा निघाला, मग खांदे हलायला लागले, आणि मग ती जी हसत सुटली ती कमरेत वाकून, प्लॅस्टिकची टोपी गालाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"थेल्मा!" बेरिलचा हात आपोआप शिटीकडे गेला.

"मॅडमना मृत्यूच्या नदीत काही विनोदी वाटलं का?" फेन्विकनी थंडपणे विचारलं.

"नाही हो, नाही. माफ करा. पराग नाकात गेला माझ्या. तुमची नदी छान आहे. दोन्ही नद्या छान आहेत." 'दोन्ही' म्हणताना ती पुन्हा फुटली.

घोळका पुढे सरकला. जाता जाता बेरिल कानाशी येऊन पुटपुटली, "लेनने तुला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हाही तू आईच्या पुडिंगला अशीच हसली होतीस. मी विसरले नाहीये." आणि तरातरा निघून गेली. थेल्मा एकटीच राहिली, डोळे पुसत.

"तिथे हसलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे माझं स्वतःचं सोडून."

ढोपरापर्यंत रबरी बूट, कोपरावर विरलेला स्वेटर, हातात पालापाचोळ्याची ढकलगाडी. साठीच्या आसपासची उंच बाई. थेल्माला वाटलं बागेतली कामवाली असेल.

"तुम्हाला नद्या का हसू आणतात?" बाईने विचारलं.

"उगाच. वयाचा दोष."

"नाव काय तुमचं?"

"टकवेल."

"लग्नाआधीचं?"

पन्नास वर्षांनी धरायला आले म्हणायचे! थेल्माने फाटक किती लांब आहे याचा अंदाज घेतला. मग गुडघ्यांचा अंदाज घेतला.

"पार्फिट," ती म्हणाली.

बाईने ढकलगाडी सोडून दिली. ती कलंडून सगळा पाला वाटेवर सांडला. "थेल्मा पार्फिट! तुम्ही जिवंत आहात!"

"आहे बुवा. का, काही हरकत आहे?"

"मी इमोजेन क्रॅडॉक. हे मॅलोफील्ड माझं आहे, मोठं घर आणि बाग. तुम्ही इथे होतात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. या, या, चला माझ्याबरोबर. पायऱ्या खूप आहेत, पण चला."

धाकट्या इमोजेनबाई! थेल्माला आठवली ती गुडघ्यांना खपल्या असलेली, काचघरातल्या स्ट्रॉबेऱ्या चोरणारी पोर. ती आता पुढे होऊन मोठ्या घराचा जिना एकेक पायरी करत चढत होती आणि थेल्मा कठडा धरून मागे. तिसऱ्या मजल्यावर मुलांची जुनी खोली होती. खिडकीला लोखंडी गज, कोपऱ्यात डोलता घोडा, भिंतीवर उडालेल्या रंगाची बदकं.

"या खिडकीखेरीज कुठूनच दिसत नाही," मिस क्रॅडॉक म्हणाल्या. "खालच्या मजल्यांवरून यू झाडांचं कुंपण आड येतं."

"कुंपण!" थेल्मा म्हणाली. "ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं दिवाणखान्यातून दिसेल, मोठ्या साहेबांना, चहा पिताना."

ती खिडकीशी गेली.

खाली स्नेलग्रोव्हच्या घराचं कौलारू छप्पर होतं, आणि त्याच्या बरोबर वर, हिरव्या उतारावर, पिवळ्याजर्द, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: गाढव.

थेल्माने गजांना कपाळ टेकवलं. तिने आयुष्यात लिहिलेलं तेवढंच होतं, आणि ते आजच वाचायला मिळत होतं. तिच्या मनात आलं, शेवटचं अक्षर खाली जरा फाकलंय. सहाव्या दिवशी पाऊस होता, दोरी ओली होऊन सैल पडली होती.

"मला त्या वसंतात कांजिण्या आल्या होत्या," मिस क्रॅडॉक सांगू लागल्या. "तीन आठवडे या खोलीत कोंडून ठेवलेलं. रोज सकाळी उठून बघायचे तर हिरव्यातून पिवळं फुटतंय. आधी तंबू निघाला. मग एक साप. मग दुसरा साप. ज्या दिवशी वाचता आलं त्या दिवशी मी इतकी हसले की दाईला वाटलं ताप डोक्यात गेला."

"घरात सांगितलंत?"

"छे! आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी एकटीचं मिळालं होतं. पण मग एक दिवस धुराडं तुंबलं म्हणून स्नेलग्रोव्ह वर आला."

थेल्माने खिडकीचा गज धरला. "त्यांनी बघितलं?"

"मी बिछान्यातून ओरडलेच, स्नेलग्रोव्ह, बघू नका! मग काय, बघितलंच. इथेच उभा होता, तुम्ही आहात तिथे. मी गोधडी डोक्यावर घेतली. वाटलं आता हा जाऊन सगळे उपटून टाकणार. बाहेर डोकावले तर मिशा हलत होत्या. मला तो म्हणाला, 'छोट्या बाई, एकेक कंद बरोबर सहा इंचांवर आहे. माझ्या सात माणसांत एकालाही हे जमलं नसतं.'"

"खोटं."

"पुढे ऐका. म्हणाला, 'झडप मीच उघडली होती. जिने हे लिहिलंय तिने खरं तेच लिहिलंय.'"

खाली कुठेतरी बेरिलची शिटी वाजली. थेल्मा वळून भिंतीवरच्या बदकांकडे बघत राहिली. बदकं सहा होती. तिने ती दोनदा मोजली, कारण दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर मिस क्रॅडॉकना तिचा चेहरा दिसला असता.

"म्हणजे कडा त्यांनीच राखल्या," ती शेवटी म्हणाली. "तरीच म्हटलं. पन्नास वर्षांत याचा नुसता पसारा व्हायला हवा होता."

"दर तिसऱ्या वर्षी जूनमध्ये तो स्वतः खाली बसून कंद काढायचा, सुटे करायचा, आणि पुन्हा ओळीत लावायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. चौदा वर्षं, निवृत्त होईपर्यंत. तुम्हाला शोधायलाही गेला होता. तुमच्या आईचं घर रिकामं होतं. शेजारी म्हणाले, बर्मिंगहॅम. बर्मिंगहॅम म्हणजे काय लहान आहे का? परत आला आणि मला म्हणाला, 'तिकडे माणसं फार आहेत.'"

थेल्माला हसू आलं. तिने टोपी काढून घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली. "इतकी वर्षं मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला मी फार लागेल असं केलं."

"लागलंच होतं. म्हणून तर तो ते राखत होता."

"आणि नंतर?"

"नंतर मी. पण आता माझे गुडघे गेलेत. गेल्या जूनमध्ये खाली बसले ती उठवायला दोन माणसं लागली."

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. "मिस क्रॅडॉक! माफ करा, खासगी बाजूला येणं बरं नव्हे, पण त्या शिटीवाल्या बाईंचं एक माणूस कमी पडतंय, आणि त्या माझ्याकडे अशा बघताहेत जसं काही मी ते..." फेन्विक दारात उभे राहिले, धापा टाकत. त्यांनी थेल्माला बघितलं. "अच्छा. पराग."

"फेन्विक, खिडकीकडे येऊ नका," मिस क्रॅडॉक घाईघाईने म्हणाल्या.

असं म्हटल्यावर कोण थांबतं?

फेन्विकनी बाहेर बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला, परत बघितलं. खाली त्यांची झोपडी होती, दारात त्यांच्या हाताने लिहिलेला 'इथे पुस्तिका मिळेल' हा फलक होता, आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर तो शब्द होता. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग बो टायसारखा जांभळट.

"हे... हे माझ्याबद्दल आहे?"

"नाही हो," थेल्मा म्हणाली. "तुम्ही तेव्हा कुठे होतात? हे दुसऱ्याबद्दल आहे. तुम्ही फक्त खाली राहायला आलात."

ते डोलत्या घोड्यावर बसले. मुद्दाम नव्हे, मागे तेवढंच होतं. घोडा पुढेमागे होऊ लागला आणि त्याच्याबरोबर फेन्विकही. "अकरा वर्षं," ते म्हणत होते. "तेरा पानं. जन्माची नदी..."

थेल्माला दया आली. तिने त्यांना सगळं सांगितलं, शेवंत्या, पाइप, दोरी, पाऊस. फेन्विक डोलायचे थांबून ऐकू लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे पणजोबांचा यात काहीच संबंध नाही?"

"पणजोबांना इटलीत उन्हाचा त्रास झाला आणि ते आठ दिवसांत परत आले," मिस क्रॅडॉक म्हणाल्या. "मी तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही इतक्या आनंदात होतात, आणि म्हटलं, हा माणूस नद्या नद्या करतोय तोवर खरा शब्द कुणी वाचणार नाही."

"तुम्ही मला वापरलंत!"

"हो," त्या म्हणाल्या. "फार उपयोगी पडलात."

फेन्विक उठले, कोट नीट केला. पुन्हा एकदा खिडकीशी गेले. "दुसरी नदी खाली जरा फाकलीय," ते म्हणाले.

"दोरी ओली होती," थेल्मा म्हणाली.

"तरीच. मी तिथे एक धबधबा मानला होता." आणि मग ऑब्रे फेन्विक नाक दाबून असे काही हसले की खालच्या वाटेवरून बेरिलने वर बघितलं आणि जोरात शिटी मारली.

बसमध्ये बेरिल अर्धा तास यादीवर खाडाखोड करत बसली. मग तिला राहवेना.

"एवढा वेळ होतीस कुठे? माझ्यासाठी स्कोनसुद्धा उरला नाही तुला शोधण्यात."

थेल्माने पिशवीतून कागदात बांधलेले चार स्कोन काढून तिच्या मांडीवर ठेवले. मिस क्रॅडॉकनी दिले होते, जॅमसकट. आणि मग, लेनलाही कधी सांगितलं नव्हतं ते तिने सांगून टाकलं, पहिल्या खुंटीपासून. बेरिल खाता खाता थांबली. तिच्या हनुवटीला जॅम लागलं होतं.

"तू," ती म्हणाली, "माळीण होतीस?"

"होते."

"आणि एकवीस वर्षं मंडळाच्या सहलीत माझ्या शेजारी बसून मला झाडांची नावं चुकीची सांगू दिलीस?"

"तुला आवडायचं गं सांगायला."

बेरिलने खिडकीबाहेर बघितलं. तिसरी बाग आली तरी ती उठली नाही, यादी वाचली नाही. लोक आपापले उतरून गेले, शिटीवाचून भांबावलेले. मग ती एकदम म्हणाली, "आईचं पुडिंग खरंच वाईट असायचं."

"फार वाईट, बेरिल."

"दगड नुसता," बेरिल म्हणाली, आणि दोघी हसत खाली उतरल्या.

जूनमध्ये पानं पिवळी पडल्यावर थेल्मा मॅलोफील्डला गेली, एकदाच मदत करायला म्हणून. मग दर मंगळवारी जाऊ लागली. मिस क्रॅडॉक खुर्ची टाकून शेजारी बसत आणि कंद निवडत. जास्तीच्या कंदांचं काय करायचं हा प्रश्न निघाला तेव्हा ते बेरिलने मंडळासाठी मागून घेतले, आणि गावच्या रस्त्याकडेला फेकून फेकून, अगदी नियमाप्रमाणे लावले. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. डोंगर आणि नद्या तशाच राहिल्या, कारण थेल्मा, मिस क्रॅडॉक आणि फेन्विक या तिघांनीही तसंच ठरवलं. फक्त शेवटच्या पानावर एक ओळ वाढली: लागवड, कुमारी टी. पार्फिट. देखभाल, मिस्टर जे. स्नेलग्रोव्ह.

फेन्विकनाही आता मातीत हात घालायची हौस आली होती. जुने बूट घालून, बो टाय तसाच ठेवून, ते थेल्माशेजारी गुडघे टेकून बसत.

"एवढं पुरे?" त्यांनी एका मंगळवारी खड्डा दाखवून विचारलं.

"कंदाच्या तिप्पट हवं. हे काय, सशाने उकरल्यासारखं केलंय."

त्यांनी आणखी खणलं. "आता?"

थेल्माने वाकून बघितलं, बोटाने खोली मापली, कंद उचलून सरळ बसवला. वर सूर्य आला होता, आणि पाठीला ऊन बरं वाटत होतं.

"हं," ती म्हणाली, आणि पुढच्या कंदाला हात घातला.